साळूआत्याचं यंत्र कसं वाढलं

एका जंगलात वीज आली होती.

वाघ आधीपासून होता. झरा होता, करवंदं होती, मुंग्यांची वारुळं होती. वीज तेवढी नवी. धबधब्याखाली एक चाक फिरायचं, त्यातून एक तार निघायची आणि ती वडाच्या ढोलीत शिरायची. ढोलीत एक फ्यूज होता. सगळ्या जंगलाचा मिळून तो एकच. बाळांनो, हा फ्यूज लक्षात ठेवा. गोष्टीत जे सुरुवातीला उगाच कोपऱ्यात बसलेलं दिसतं, ते शेवटी कामाला येतं. माणसांचंही तसंच असतं, पण ते तुम्हाला मोठेपणी कळेल.

त्या जंगलात बांबूच्या बेटाशेजारी साळूआत्या राहायची. साळूआत्या म्हणजे साळिंदर. तिला मूल नव्हतं, भाचरू नव्हतं, तरी सगळं जंगल तिला आत्याच म्हणायचं. बीळ तिचं स्वच्छ. दारात पाण्याची करवंटी, आत चूल, आणि कोपऱ्यात पाटावर बसवलेला एक कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर जुना होता. पाठीला मोठं कुबड आलेला, सायीसारखा पिवळा पडलेला. चालू होताना तो आधी घरघरायचा, मग खोकायचा, मग एकदम उजेड पाडायचा. आत्याच्या भावानं नदीपलीकडच्या रानात बिऱ्हाड हलवलं, तेव्हा तो तिला देऊन गेला होता. "ताई, यातून आपण बोलत जाऊ," म्हणाला होता. तेव्हापासून रोज दुपारी भाऊ पडद्यावर यायचा. आवाज आधी यायचा, तोंड मागून हलायचं. आत्याला ते चालायचं. लहानपणीही तो असाच होता.

कॉम्प्युटर हा शब्द आत्याच्या दातांत अडकायचा, म्हणून ती त्याला यंत्र म्हणायची.

यंत्राला खोड एकच. ते चालू व्हायचं, चालायचं, पण बंद होताना अडून बसायचं. आत्यानं बटण दाबलं की पडद्यावर अक्षरं यायची : 'बंद होत आहे. कृपया थांबा.' खाली ठिपक्यांचं एक कडं गरगर फिरायचं. आणि फिरतच राहायचं.

दुसरं कुणी असतं तर उठून गेलं असतं. पण आत्या 'कृपया' या शब्दाला फार मानायची. तिला जंगलात कुणी कृपया म्हणत नसे. अंगावर काटे असले की लोक कृपया म्हणत नाहीत, लांबूनच वळसा घालतात.

"एवढं कृपया म्हणतंय बिचारं," ती म्हणायची, आणि थांबायची. चहा करायची. शेंगा सोलायची. यंत्राला सोबत म्हणून बसून राहायची. बसल्याबसल्या डोळा लागायचा, आणि जाग येऊन बघावं तर पडदा काळा. कधी झाला, कसा झाला, ते यंत्रालाच ठाऊक.

"माझ्या सासूबाई अश्शाच निघायच्या," ती सांगायची. "'येते गं' म्हणून उंबऱ्यात उभ्या राहायच्या, आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं."

रोजचं हे चालून जायचं. पण एक दिवस असा आला की थांबून चालणार नव्हतं.

भावाला मुलगी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचं बारसं होतं. बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. आईनं नाही, बापानं नाही, सिंहानंसुद्धा नाही. आत्या पोचली नाही तर बाळ बिननावाचं राहतं, आणि मग आयुष्यभर 'ए', 'शुक', 'अगं ती' यावर भागवावं लागतं. साळूआत्या इतकी वर्षं साऱ्या जंगलाची आत्या होती. खरीखुरी आत्या ती आता पहिल्यांदाच होणार होती.

नाव भावानं ठरवून ठेवलं होतं. शलाका. शलाका म्हणजे सळई, काडी, साळिंदराचा काटासुद्धा म्हणा. आत्या सकाळपासून ते नाव तोंडात घोळवत होती, खडीसाखरेसारखं. शलाका. शलाका.

नदी ओलांडायला सोय एकच, गजाबा हत्ती. तो संध्याकाळी पाठीवर उतारू घेऊन पलीकडे जायचा. सूर्य ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर टेकला की पहिली तुतारी. फांद्यांत शिरला की दुसरी. बुंध्यामागं गेला की तिसरी, आणि तिसरीला गजाबा निघालाच. मग मागून सिंह पळत आला तरी तो वळायचा नाही. एकदा सिंह खरंच आला होता. "महाराज, आता उद्या," असं गजाबा पुढं बघूनच म्हणाला आणि पाण्यात शिरला.

आत्यानं दुपारीच गाठोडं बांधलं. घुगऱ्यांसाठी हरभरे घेतले. बाळासाठी झबलं घेतलं. साळिंदराच्या बाळाला झबलं शिवणं सोपं नसतं, त्याला कापडापेक्षा भोकं जास्त लागतात. मग यंत्रावर भावाशी बोलली, "निघालेच बघ," म्हणाली आणि बटण दाबलं.

'बंद होत आहे. कृपया थांबा.'

कडं फिरू लागलं.

आत्या थांबली. गाठोडं काखेत घेऊन थांबली. मग गाठोडं खाली ठेवून थांबली. कडं फिरतच होतं.

तसंच चालू सोडून निघावं, तर राघोपंत पोपटानं तिला पूर्वीच बजावलं होतं, की यंत्र चालू ठेवून घराबाहेर पडू नये. ते तापतं, पेट घेतं, आणि शेजारी बांबूचं बेट आहे. वायर उपटावी, तर म्हणे आतलं सगळं पुसून जातं. आत बाळाचा फोटो होता, जन्मल्या दिवशीचा, काटे अजून मऊ असतानाचा. "आणि झोप येत नाही म्हणून कुणी कुणाची मान पिरगाळतं का?" आत्या म्हणायची.

पहिली तुतारी झाली.

आत्या लगबगीनं दारात आली. समोरच्या सागावर फांदोजी राहायचा.

फांदोजी हे माकड. जंगलातले कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा. गळ्यात वायरींची माळ, कानावर स्क्रू-ड्रायव्हर. मनानं फार चांगला. पण त्याचं लहानपण शहराच्या कडेला, टेकडीच्या पायऱ्यांवर, प्रवाशांच्या पिशव्या ओढण्यात गेलं होतं. त्यामुळं पुडी फोडायच्या आधी आत काय आहे ते तो ओळखायचा, शब्दाच्या आत काय आहे ते मात्र त्याला निम्मंच कळायचं.

आता बाळांनो, इथं जरा थांबा. कृपया.

तुमच्या घरी दुकान असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. दिवस संपला की दुकान बंद केलं असं जुनी माणसं म्हणत नाहीत. दुकान वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. वाईट शब्द तोंडी यायला नको, म्हणून त्याच्या जागी एक चांगला शब्द आणून बसवतात. असं का करतात याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. खरं कारण गोष्टीच्या शेवटी कळेल.

तर तिन्हीसांजेला, तेही बारशाला निघताना, साळूआत्याच्या तोंडून 'बंद' हा शब्द निघणं शक्यच नव्हतं.

"फांदोजी, बाळा," ती म्हणाली, "तेवढं माझं यंत्र वाढव रे. म्हणजे मी निघायला मोकळी."

"वाढवू?" फांदोजी शेपटीवर उलटा लटकला. "किती वाढवू?"

"किती म्हणजे? पूर्ण वाढव. अर्धं वाढवून कसं चालेल?"

फांदोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच हो! बाकी सगळे म्हणतात, आहे त्यातच भागव."

तो टुणकन खाली आला. यंत्राभोवती एक फेरी मारली. "खरंच लहान आहे. बारशाचे फोटो येणार, रांगतानाचे येणार, पहिला काटा टोचतानाचे येणार. मावायचे कुठं?" असं म्हणून त्यानं माळेतून मेमरीची एक कांडी काढली आणि यंत्राच्या कुशीत खुपसली.

पडद्यावरची अक्षरं बदलली. 'नवीन उपकरण सापडले. ओळख करून घेत आहे. कृपया थांबा.'

आत्या चुलीतले निखारे झाकत होती. "वाढलं का रे?"

"थोडं वाढलं."

"थोडं कसं वाढेल? नीट वाढव."

फांदोजीनं दुसरी कांडी खुपसली. यंत्र तिचीही ओळख करून घेऊ लागलं.

एवढ्यात राघोपंत येऊन कोनाड्यात बसले. कॉम्प्युटरचं माहितीपुस्तक पंतांना तोंडपाठ होतं. फक्त ते पाठ करताना वारा सुटला होता, त्यामुळं पानांचा क्रम जिथला तिथं राहिला नव्हता.

"प्रथम," पंत म्हणाले, "सर्व खिडक्या बंद करा!"

'बंद' ऐकून आत्याच्या अंगावरचे काटे ताठ झाले. "पंत! तिन्हीसांजेला खिडक्या लावायच्या? लक्ष्मी येते या वेळी."

"पुस्तकात लक्ष्मीचा उल्लेख नाही."

"काळजी नको आत्या," फांदोजी म्हणाला, "लक्ष्मीला पासवर्ड कळवू."

बिळाला खिडकी एक आणि मागची वाट एक. पंतांनी चोचीनं दोन्ही लावून घेतल्या. आत उकडायला लागलं. यंत्र जास्तच घरघरायला लागलं. तापतंय बिचारं, म्हणून फांदोजीनं घरी जाऊन पंखा आणला आणि लावला. पंख्यानं चुलीतली राख उडवली. पंत शिंकले आणि त्यांची दोन हिरवी पिसं गळाली. आत्या शिंकली आणि तिचा एक काटा छपराला जाऊन लागला.

"आत्या, वारा वाढवला!" फांदोजी ओरडला.

"वारा नको रे, यंत्र! यंत्र वाढव!"

"तेही वाढवतो!"

गर्दीची चाहूल लागून दमाजी कासव येऊन पोचला. गर्दी जमल्यावर निघालं तर ती पांगल्यावर पोचतो, हे दमाजीला अनुभवानं कळलं होतं. म्हणून तो गर्दी जमायच्या आधीच निघून ठेवायचा. तो उंबऱ्यात थबकला, त्यानं मान बाहेर काढली, सगळं एकदा नीट बघितलं. आत्यानं त्याच्यापुढं रिवाजाप्रमाणे चहाची करवंटी ठेवली.

"माझं..." दमाजी म्हणाला, "काय..."

सगळे गप्प झाले. गोष्टीत कासव आलं की समजायचं, आता शहाणपण येणार.

"...म्हणणं... आहे..."

दुसरी तुतारी झाली.

"अगो बाई!" आत्यानं गाठोडं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "फांदोजी, मेल्या, हात चालव! हत्ती निघेल! वाढव लवकर!"

दमाजीचं वाक्य राहिलं अर्धंच. फांदोजी उडाला. या झाडावरून त्या झाडावर, या बिळातून त्या गुहेत. आत्यासाठी म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. मुंगसाकडून दुसरा पडदा आला. हरणाकडून छपाईचं यंत्र आलं. कोल्ह्याकडून एक पेटी आली, तिच्यात काय आहे ते कोल्ह्यालाही ठाऊक नव्हतं, पण तिला लाल दिवा होता. फांदोजी एक वायर दाताला, एक पायाला, एक शेपटीला धरून जोडत सुटला. दर वेळी यंत्र म्हणायचं, 'नवीन उपकरण सापडले,' आणि दर वेळी आत्या विचारायची, "वाढलं का?" आणि दर वेळी फांदोजी म्हणायचा, "वाढलं, पण अजून वाढेल!"

"चालू करून बंद करा!" पंत कोनाड्यातून सांगत होते. "बंद करून चालू करा! शाई संपली असल्यास बदला! लहान मुलांपासून दूर ठेवा!"

शेवटी फांदोजीनं अस्वलाच्या घरचा कर्णा आणला. लग्नात लावतात तो, भोपळ्याच्या फुलासारखा मोठ्या तोंडाचा. तो बिळाबाहेर बांबूवर बांधला. आता यंत्र मनातल्या मनात बोलत राहिलं नाही. सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशा गोड आवाजात ते म्हणू लागलं :

"कृपया थांबा! कृपया थांबा! कृपया थांबा!"

पंतांना ते आवडलं. तेही त्यात सामील झाले.

जंगलात गंमतच झाली. पळणारं हरीण थांबलं. त्याच्यामागं पळणारा कोल्हाही थांबला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि आता थांबलोच आहोत तर काय, म्हणून एकमेकांच्या घरचं कसं काय आहे ते विचारलं. कोंबडा आरवताना मध्येच थांबला आणि उरलेलं आरवणं विसरला.

आणि तेवढ्यात नदीकडून तिसरी तुतारी झाली.

आत्या मटकन गाठोड्यावर बसली. तिचे सगळे काटे हळूहळू आडवे पडले, भिजलेल्या गवतासारखे.

"गेला," ती म्हणाली. "गेला रे गजाबा."

फांदोजीचे चारही हात थांबले. बीळ आता वायरींनी भरलं होतं. चूल दिसत नव्हती. पंत एका वायरीवर आणि दमाजी तीन वायरींखाली होता.

"आत्या, रडू नका. जागा संपली, नाहीतर अजून वाढवलं असतं."

आत्यानं वर बघितलं. बीळ तिला आत्ता पहिल्यांदा दिसलं.

"हे रे काय करून ठेवलंस, माकडा?"

"माकड म्हणालात ते बरोबर, पण वाढव तुम्हीच म्हणालात."

"अरे, वाढव म्हणजे असं वाढव नव्हे!"

"मग कसं वाढव?"

"वाढव म्हणजे..." आत्या अडली. "म्हणजे ते असतं ना चालू, त्याच्या उलटं."

फांदोजीनं डोकं खाजवलं. "चालूच्या उलटं? लूचा?"

"लूचा काय, मेल्या! दुकान वाढवतात तसं!"

"दुकानसुद्धा वाढवलंच की जांभळीखालच्या खारीनं! दोन फांद्या अजून घेतल्या!"

बाहेर कर्णा ओरडत होता, कृपया थांबा. आत्यानं दाराकडं बघितलं, देवाकडं बघितलं, मनात माफी मागितली. मग फांदोजीचा कान धरून जवळ ओढला आणि, बाळाच्या कानात नाव सांगतात ना, तसं अगदी हळू सांगितलं :

"बंद."

फांदोजीचा चेहरा आधीच लाल होता. तो आणखी लाल झाला. "अयाई गं! बंद करायचं होतं? एवढंच होतं? मग आधी नाही का सांगायचं!"

पण बाळांनो, माकड फार लांब असतं. कानात शिरलेली गोष्ट शेपटीच्या टोकापर्यंत जायला वेळ लागतो. फांदोजीच्या शेपटीला अजून बातमी पोचली नव्हती. ती मागच्या मागं, मोठ्या मनानं, अस्वलाचा मध गार करायचा फ्रीज जोडत होती.

जोडला.

वडाच्या ढोलीत 'फट्ट' झालं.

पंखा थांबला. कर्णा 'कृप' म्हणाला आणि 'या' त्याच्या घशातच राहिलं. कोल्ह्याच्या पेटीचा लाल दिवा गेला. साऱ्या जंगलात जिथं जिथं काही उजळत होतं, घुमत होतं, गार होत होतं, ते सगळं एका दमात गप्प झालं.

आणि कोपऱ्यात, पाटावर, यंत्राचा पडदा काळा झाला. कडं नाही, अक्षरं नाहीत. निजलेल्या बाळासारखं शांत.

फांदोजीनं पडद्यात वाकून बघितलं. "आत्या," तो म्हणाला, "वाढलं."

"वाढलं हो," आत्या म्हणाली.

त्या शांततेत दमाजीचं वाक्य पुरं झालं.

"...की... चहा... गार झालाय."

गोष्टीतलं प्रत्येक कासव शहाणं असतंच असं नाही.

तेवढ्यात गुहेतून सिंहाची डरकाळी आली. तो पंख्याखाली बसून पडद्यावर कुस्त्या बघत होता. "कोणी बंद केलं? कोणाची हिंमत झाली माझ्या राज्यात बंद करायची?"

सगळे वायरींच्या ढिगात दडले. पण पंतांनी आज संध्याकाळभर एकच शब्द फार वेळा ऐकला होता. तो त्यांच्या तोंडून आपोआप निघाला.

"बंद नाही, महाराज! वाढलंय!"

सिंहानं आयाळ खाजवली. "वाढलंय?" तो म्हणाला. "मग हरकत नाही." आणि त्या शब्दाचा विचार करत झोपी गेला.

आत्यानं यंत्राच्या पिवळ्या पडलेल्या डोक्यावर हात ठेवला. "येते हं," म्हणाली. गाठोडं उचललं आणि पळत सुटली. गजाबा गेला असणार, हे तिला ठाऊक होतं. पण यंत्र तर वाढलं, आता निदान काठापर्यंत तरी जावं. पलीकडचं रान दिसलं तरी पुष्कळ, असं ती स्वतःला सांगत होती.

काठावर येऊन बघते तर गजाबा उभा.

गुडघाभर पाण्यात उभा. पाठीवर उतारू बसलेले, ते कंटाळून एकमेकांच्या उवा काढत होते. गजाबा मान वळवून मागं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा.

"गजाबा! तू थांबलास?"

"काय करू, आत्या," हत्ती म्हणाला. त्याच्या बारीक डोळ्यांत पाणी होतं. "मला जंगलात सगळे 'ए हत्ती, चल' म्हणतात, 'ए हत्ती, बस' म्हणतात. आज कुणीतरी कृपया म्हणालं. किती वेळा म्हणालं! पाऊलच उचलेना."

आत्यानं मान डोलावली. तिला ते समजत होतं. ती त्याच्या पाठीवर चढली, आणि काटे लागू नयेत म्हणून अंग चोरून बसली.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. पाळण्याला करवंदीची पानं बांधली होती. साळिंदरीणबायांनी पाळणा म्हटला. बाळ मात्र जन्मल्यापासून रडत होतं ते अजून रडतच होतं. एवढंसं तोंड आणि एवढा मोठा आवाज. भाऊ थकला होता, वहिनी थकली होती, शेजारची वारुळं उठून दुसरीकडे गेली होती.

आत्या पाळण्यावर वाकली. 'कुर्रर्र' केलं. नाव जिभेवर होतं, शलाका, शलाका. पण कालपासून कानात एकच आवाज घुमत होता. तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं :

"कृपया थांबा."

बाळ थांबलं.

एकदम थांबलं. डोळे मोठे करून आत्याकडं बघू लागलं. 

"काय नाव सांगितलंत, वन्सं?" वहिनीनं हळूच विचारलं. "कृपा म्हणालात?"

"अगं, शलाका ठरलं होतं ना..." भाऊ म्हणाला. या वेळी त्याचं तोंड आधी हललं आणि आवाज मागून आला.

"तुम्ही गप्प बसा हो!" वहिनी म्हणाली. "पोर पहिल्यांदा गप्प बसलीय. कृपाच!"

कृपा तर कृपा. घुगऱ्या वाटल्या. नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, असा रिवाज आहे. साळिंदरांमध्ये तो नाही. पूर्वी होता.

आत्या काही दिवसांनी परत आली. वडातला फ्यूज नवा घातला होता. तिनं भीतभीत यंत्राचं बटण दाबलं. यंत्र घरघरलं, खोकलं, आणि पडद्यावर कृपा दिसली, काटे अजून मऊ असतानाची. काही पुसलं नव्हतं. पंत म्हणाले, पुसलं जात नाही असंही एका पानावर होतं.

संध्याकाळी तिनं यंत्र निजवायला बटण दाबलं. 'बंद होत आहे. कृपया थांबा.' कडं फिरू लागलं. का फिरतं, ते त्या जंगलात आजवर कुणाला कळलेलं नाही. आत्या हसली, चहा टाकला, आणि त्याच्याजवळ शेंगा सोलत बसली. घाई असली की मात्र ती दारात येऊन हाक मारते, "फांदोजी, वाढव रे!" आणि फांदोजी अस्वलाचा फ्रीज पाठीवर घेऊन येतो.

आता सिंहाचं तेवढं सांगतो. ते राहिलं तर गोष्टीचा फ्यूज वाया जाईल.

जंगलात जांभळीखाली एक तक्रारीची खिडकी होती. तिथं एक टिटवी बसायची. कुणी तक्रार आणली की ऐकायची, उडून जाऊन बघून यायची, आणि दुपारच्या आत तड लावायची. बहुतेक तक्रारी सिंहाच्या असत, म्हणजे सिंहाविरुद्ध. सिंहाला ती खिडकी कधीची बंद करायची होती. पण बंद म्हटलं की जंगल खवळलं असतं.

त्या संध्याकाळनंतर सिंहानं सभा भरवली. म्हणाला, "टिटवीबाई फार चांगलं काम करतात. त्यांची खिडकी आपण वाढवू या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात टिटवीनं वाजवल्या.

खिडकीला दुसरी खिडकी जोडली. टिटवीच्या हाताखाली बगळे दिले. बगळ्यांवर लक्ष ठेवायला घारी दिल्या. घारींना सावली हवी म्हणून छत दिलं. छताची तक्रार कुणी ऐकायची हे ठरवायला समिती दिली. फांदोजीला यंत्रं जोडायला बोलावलं, आणि त्यानं फार मनापासून जोडली. टिटवी आता मधोमध कुठंतरी असते. अधूनमधून तिचा आवाज येतो, पण ती दिसत नाही.

बाहेर कर्णा लावला आहे. तो गोड आवाजात म्हणतो, "कृपया थांबा."

रांगेत आत्या असते, गजाबा असतो, दमाजी तर सगळ्यांच्या आधीपासून असतो. सगळे थांबतात. एवढं कृपया म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आणि खिडकी बंद झाली असं तर कुणीच म्हणू शकत नाही. ती वाढली आहे.

तात्पर्य : कोणतीही गोष्ट बंद करायची असेल तर तिची वायर उपटू नये, तिला मोठ्या मनानं वाढवत जावं, पुढचं फ्यूज बघून घेतो. वाडवडील दुकान बंद करण्याला दुकान वाढवणं म्हणत, ते अपशकुन टाळायला म्हणत असं आपण समजत होतो. त्यांनी पुष्कळ दुकानं पाहिली होती, एवढंच.